निकाल जाहीर झाला, शपथ बाकी आहे: मग आमदार आहेत की नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, निकाल लागून बारा दिवस उलटले. निवडून आलेल्यांचा प्रमाणपत्र हातात घेतलेला फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला. गावच्या पाणी योजनेचं काम रखडलंय म्हणून गावकरी शिफारसपत्र मागायला गेले, तर स्वीय सहायकांनी सांगितलं, "अजून शपथ झालेली नाही. साहेब अधिकृत आमदार झाले की या." कुणी म्हणतं राजपत्रात नाव यावं लागतं, कुणी म्हणतं राज्यपालांची मंजुरी लागते. तर माणूस आमदार होतो तो नेमका कोणत्या क्षणी?

मी महसूल खात्यात नोकरी केली. निवडणूक शाखेत नायब तहसीलदार म्हणून सुरुवात झाली, पुढे सहायक निवडणूक निर्णय अधिकारी झालो आणि उपजिल्हाधिकारी असताना दोनदा स्वतः निवडणूक निर्णय अधिकारी होतो. त्यातली एक पोटनिवडणूक होती. निकालाच्या कागदावर सही करण्याचं काम मी केलेलं आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देतो आणि मग त्यामागचं सगळं सांगतो.

तुमचे आमदार निकालाच्या दिवशीच आमदार झाले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल जाहीर केला, तेव्हाच. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये कलम ६७-अ आहे ते नेमकं यासाठीच: ज्या तारखेला निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला निवडून आल्याचं घोषित करतो, तीच त्या उमेदवाराच्या निवडीची तारीख. राजपत्राची तारीख नाही, शपथेची नाही. राज्यपालांची मंजुरी तर कुठेच नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला मंजुरी देण्याचा अधिकार संविधानाने कुणालाही दिलेला नाही.

मग प्रमाणपत्र, राजपत्र आणि शपथ कशासाठी? प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि ते वेगवेगळ्या वेळी उपयोगाला येतं. गोंधळ होतो तो या तिन्हींना एकाच शिडीच्या पायऱ्या समजल्यामुळे.

आधी मतमोजणीच्या टेबलापाशी जाऊ, कारण खरी गोष्ट तिथे घडते. विधानसभेच्या मोजणीत साधारण चौदा टेबलं असतात आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं टेबल वेगळं. टपाली मतांपासून सुरुवात होते, अर्ध्या तासाने यंत्रं उघडतात. प्रत्येक केंद्राचा नमुना १७-क (त्या केंद्रावर किती मतं पडली त्याचा हिशेब) समोर ठेवून कंट्रोल युनिटवरचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्रावरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा, प्रतिनिधींना दाखवायचा, त्यांच्या सह्या घ्यायच्या. फेरीमागून फेरी असं चालतं. बाहेर वाहिन्यांवर 'आघाडी' आणि 'पिछाडी' सुरू असते आणि आयोगाच्या संकेतस्थळावरही आकडे चढत असतात. पण त्या पडद्यावरच्या कुठल्याच आकड्याने कुणी निवडून येत नाही. शेवटची फेरी संपली, पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची (मत कुणाला पडलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्यांची) मोजणी झाली, नमुना २० म्हणजे अंतिम निकालपत्रकाची बेरीज जुळली, तरीही अजून कुणी निवडून आलेलं नसतं.

यानंतरची काही मिनिटं फार महत्त्वाची असतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बेरीज वाचून दाखवल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला थांबावं लागतं. निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या नियम ६३ नुसार हा थांबा उमेदवारांसाठी असतो. कुणाला फेरमोजणी हवी असेल तर त्याने याच वेळी लेखी अर्ज द्यायचा, कारणांसह. व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायची मागणी नियम ५६-ड खाली करायची असेल तर तीही याच वेळी. अर्ज मान्य करायचा की फेटाळायचा हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो, पण कारणं लिहून. टपाली मतांबाबत एक पक्का दंडक आहे: विजयाचा फरक बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर ती बाद मतं पुन्हा तपासावीच लागतात, कुणी मागणी करो वा न करो.

माझ्या एका मोजणीत हरलेल्या उमेदवाराचे प्रतिनिधी बेरीज वाचताना समोरच बसले होते. मी विचारलं, "कुणाचा काही अर्ज आहे का?" कुणी बोललं नाही. मी घड्याळात पाहून पुरेसा वेळ थांबलो, पुन्हा विचारलं, मग आयोगाच्या निरीक्षकांची लेखी अनुमती घेऊन निकाल जाहीर केला. दहा-बारा मिनिटांनी तेच प्रतिनिधी धावत आले. हातात वकिलाने लिहून दिलेला अर्ज होता आणि श्वास लागलेला. दोन केंद्रांच्या आकड्यांबद्दल त्यांची शंका होती, आणि अर्ज आधी आला असता तर मी ती नक्की तपासली असती. पण घोषणा झाली की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे हात बांधले जातात. त्याला स्वतःचा निकाल बदलता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, स्थगित ठेवता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनाही येत नाही आणि निवडणूक आयोगालाही नाही. संविधानाचं कलम ३२९ सांगतं की निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेने देता येतं, आणि ती याचिका जाते उच्च न्यायालयात. त्या माणसाचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. म्हणून मतमोजणी प्रतिनिधींच्या प्रत्येक प्रशिक्षणात मी एवढंच पुन्हा पुन्हा सांगत आलो: कोरा कागद आणि पेन खिशात ठेवा, आणि बेरीज वाचली जात असताना जागेवरून उठू नका.

घोषणेचं वजन कळतं ते इथे. जी गोष्ट झाल्यावर बदलायला थेट उच्च न्यायालय लागतं, ती घडल्यावरही माणूस 'अजून अधिकृत नाही' असं कसं म्हणता येईल?

आता कागद. पोटनिवडणुकीत घोषणा ज्या नमुन्यात करतात तो नमुना २१-ड. सार्वत्रिक निवडणुकीत २१-क वापरतात. पोटनिवडणूक बिनविरोध झाली तर नमुना २१-ब. २१-ड हा एका पानाचा कागद आहे, पण सार्वत्रिक निवडणुकीच्या नमुन्यात नसलेली एक गोष्ट त्यात असते: ही जागा कुणाची होती आणि ती कशामुळे रिकामी झाली, हे लिहावं लागतं. मी जी पोटनिवडणूक घेतली, ती आमदारांच्या निधनामुळे लागली होती. ते माझ्या ओळखीचे होते. दुष्काळाच्या वर्षी टँकरच्या फेऱ्यांवरून माझ्याशी तासतासभर भांडलेले होते. त्यांचं नाव 'यांच्या निधनामुळे रिक्त झालेली जागा' या ओळीत लिहायची वेळ आली तेव्हा पेन क्षणभर थांबलं. त्याच्या खालच्या ओळीत नव्या माणसाचं पूर्ण नाव, पत्ता, पक्ष. मग सही, शिक्का, तारीख. हीच ती तारीख, जिच्यापासून पुढचं सगळं मोजलं जातं.

या घोषणेच्या सहीच्या प्रती निवडणूक आयोगाला आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना जातात. कलम ६७ खाली निकालाचा अहवाल राज्य शासनाला, आयोगाला आणि विधानमंडळ सचिवालयालाही जातो. म्हणजे सभागृहाला नवा सदस्य कोण हे कळतं ते थेट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून, वर्तमानपत्रातून नाही आणि पक्षाच्या पत्रावरूनही नाही.

फोटोत जे दिसतं ते नमुना २२ मधलं प्रमाणपत्र. नियम ६६ म्हणतो की घोषणेनंतर शक्य तितक्या लवकर ते द्यायचं आणि मिळाल्याची पोच उमेदवाराच्या सहीने घ्यायची. ती पोच नोंदणीकृत टपालाने सभागृहाच्या सचिवांकडे पाठवायची. या पोचेवरची सही विधानभवनात पोहोचलेली असते, आणि पुढे शपथेला येणारा माणूस तोच आहे याचा तो एक आधार असतो. २ मे २०२१ ला पंढरपूरच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला, समाधान आवताडे ३,७३३ मतांनी निवडून आले, तेव्हा करोनामुळे आयोगाने विजयी मिरवणुकांवर बंदी घातली होती आणि प्रमाणपत्र घ्यायला येणाऱ्या उमेदवारासोबत दोनपेक्षा जास्त माणसं चालणार नव्हती. गुलाल नाही, हलगी नाही. तरीही कायद्याच्या दृष्टीने निवड इतर कुठल्याही वर्षाइतकीच पूर्ण होती.

नेहमीच्या वर्षी मात्र गुलाल असतोच. मी दिलेल्या एका प्रमाणपत्राच्या कोपऱ्यावर विजयी उमेदवाराच्या अंगठ्याचा गुलाबी ठसा उमटला. ते घाबरून म्हणाले, "भाऊसाहेब, खराब झालं, दुसरं द्या." मी दुसरं दिलं नाही, कारण काहीच बिघडलं नव्हतं. आणि समजा प्रमाणपत्र हरवलंच, तरी निवड हरवत नाही. प्रमाणपत्र हा निवडीचा पुरावा आहे. निवड घडते घोषणेने.

आता राजपत्र. इथे एक फरक लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. सार्वत्रिक निवडणुकीनंतर निवडणूक आयोग कलम ७३ खाली सगळ्या निवडून आलेल्यांची यादी अधिसूचित करतो आणि ती प्रसिद्ध झाली की नवी विधानसभा रीतसर गठित झाली असं मानतात. त्या वेळी मुख्य निवडणूक अधिकारी राजभवनावर जाऊन राज्यपालांना ती यादी देतात, त्याची बातमी होते, फोटो येतो. लोकांच्या डोक्यात तेच चित्र राहतं आणि राज्यपालांनी यादी 'स्वीकारली' म्हणजे मंजूर केली असं वाटतं. पोटनिवडणुकीत विधानसभा आधीपासून अस्तित्वात असते, त्यामुळे कलम ७३ चा प्रश्नच येत नाही. फक्त त्या एका जागेची घोषणा कलम ६७ खाली राज्य शासन आपल्या राजपत्रात छापतं. लोकसभेची पोटनिवडणूक असेल तर भारताच्या राजपत्रात केंद्र सरकार छापतं.

ही छपाई नुसती औपचारिकता आहे असंही नाही. एका ठिकाणी राजपत्राचीच तारीख मोजतात आणि त्याचं चांगलं उदाहरण गोव्यात आहे. मनोहर पर्रीकर १४ मार्च २०१७ ला गोव्याचे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते विधानसभेचे सदस्य नव्हते, राज्यसभेचे होते, तेही उत्तर प्रदेशातून. संविधानाच्या कलम १६४(४) नुसार सहा महिन्यांत विधानसभेवर निवडून येणं भाग होतं. सिद्धार्थ कुंकळ्येकरांनी पणजीची जागा सोडली, २३ ऑगस्टला मतदान झालं, २८ ऑगस्टला पर्रीकर निवडून आले. आता ते एकाच वेळी संसदेचे आणि विधानसभेचे सदस्य झाले. असं झालं तर १९५० च्या दुहेरी सदस्यत्व मनाई नियमांप्रमाणे राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून चौदा दिवसांत विधानसभा सोडावी लागते, नाहीतर संसदेतली जागा आपोआप रिकामी होते. त्यांनी राज्यसभेचा राजीनामा देऊन प्रश्न मिटवला. पण बघा, ते चौदा दिवस मोजायचे ते राजपत्रापासून, आणि सहा महिन्यांची अट मात्र निवडून आल्या दिवशीच पुरी झाली. एकाच माणसाच्या बाबतीत दोन तारखा, दोन वेगळ्या कामांसाठी.

आता शपथ, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा.

शपथेबद्दल संविधानाचं कलम १८८ आहे. प्रत्येक सदस्याने 'आपली जागा घेण्यापूर्वी' राज्यपालांसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीसमोर शपथ घ्यायची. हे शब्द नीट वाचा. जो सदस्य आहे त्यानेच शपथ घ्यायची आहे, म्हणजे सदस्यत्व आधी आणि शपथ नंतर. शपथ न घेता सभागृहात बसलं किंवा मतदान केलं तर कलम १९३ खाली दिवसाला पाचशे रुपये दंड आहे. याचा अर्थ शपथेने उघडतं ते सभागृहाचं दार: तिथली जागा, तिथलं भाषण, तिथलं मत. सर्वोच्च न्यायालयाने पशुपतिनाथ सुकुल विरुद्ध नेमचंद्र जैन या खटल्यात हेच स्पष्ट केलं. शपथ न घेतलेला निवडून आलेला सदस्य सभागृहाच्या कायदे करण्याच्या कामात भाग घेऊ शकत नाही, पण सदस्य म्हणून बाकीची कामं करू शकतो. राज्यसभेच्या निवडणुकीत मतसुद्धा देऊ शकतो.

आपल्याकडे पोटनिवडणुकीनंतरची शपथ बहुधा गाजावाजा न होता होते. अधिवेशन चालू असेल तर सभागृहात, नसेल तर अध्यक्षांच्या दालनात. प्रमाणपत्र दाखवायचं, शपथ घ्यायची, नोंदवहीत सही करायची. जाता जाता एक सांगतो: उमेदवारी अर्ज भरतानाही निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर एक शपथ घ्यावी लागते, तीही संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतलीच. माझ्यासमोर कितीतरी उमेदवारांनी ती घेतली. काही जण पुढे विचारतात, "मी तर शपथ घेतली होती, पुन्हा कशाला?" ती उमेदवाराची शपथ होती, ही सदस्याची.

शपथ अडली की काय होतं, हे पश्चिम बंगालने गेल्या काही वर्षांत दाखवून दिलं आणि ते मला मनापासून खटकलं. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालांबरोबरच बारानगर आणि भगवानगोला या दोन विधानसभा पोटनिवडणुकांचे निकाल लागले. सायंतिका बंद्योपाध्याय आणि रेयात हुसेन सरकार हे तृणमूलचे दोघे निवडून आले. राज्यपाल सी. व्ही. आनंद बोस यांचं म्हणणं, शपथ राजभवनात येऊन घ्या. आमदारांचं म्हणणं, विधानसभेत द्या, राज्यपालांनी हवं तर इथे यावं किंवा अध्यक्षांना अधिकार द्यावेत. २६ जूनला राजभवनातून बोलावणं आलं तेव्हा ते गेले नाहीत आणि विधानसभेच्या आवारात धरणं धरून बसले. शेवटी राज्यपालांनी उपाध्यक्ष आशीष बॅनर्जी यांची नेमणूक केली. ५ जुलैला विशेष बैठक झाली. अध्यक्ष हजर असताना मी शपथ देणार नाही, असं उपाध्यक्षांनी सांगितलं आणि अध्यक्ष बिमान बॅनर्जी यांनीच सभागृहाच्या कामकाज नियमांचा आधार घेत शपथ दिली. राज्यपालांनी ते घटनेला धरून नाही असं म्हणत राष्ट्रपतींना कळवलं. तिथे असा वाद पहिल्यांदा झाला असंही नाही. २०२१ मध्ये ममता बॅनर्जी भवानीपूरहून निवडून आल्यावरही शपथ कुणी द्यायची यावरून ताणाताणी झाली आणि शेवटी तेव्हाचे राज्यपाल जगदीप धनखड यांनी स्वतः विधानसभेत येऊन ७ ऑक्टोबरला शपथ दिली होती.

कोण बरोबर, कोण चूक यावर तिथले वकील वाद घालतील. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या एका महिन्यात दोन्ही मतदारसंघांतल्या लोकांना सभागृहात आवाज नव्हता. पण त्यांना आमदारच नव्हते, असं मात्र नाही. दोघंही ४ जूनपासून आमदार होते. कुठल्याही बाजूने 'यांची निवड अजून झालीच नाही' असा दावा केला नाही, कारण तसा दावा टिकणारच नव्हता.

याविषयी मला इतकं बोलावंसं वाटतं याचं एक कारण आहे. पोटनिवडणूक लागते तेव्हा मतदारसंघ आधीच काही महिने पोरका झालेला असतो. कलम १५१-अ म्हणतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. मुदतीचं एक वर्षही उरलं नसेल किंवा आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून अडचण आहे असं प्रमाणित केलं असेल, तरच सूट. अंधेरी पूर्वला आमदार रमेश लटके ११ मे २०२२ ला वारले आणि ३ नोव्हेंबरला मतदान झालं, म्हणजे मुदत जेमतेम पाळली गेली. पुण्यात मात्र खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले आणि २०२४ ची सार्वत्रिक निवडणूक येईपर्यंत जागा रिकामीच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली. पुण्यासारख्या शहराला वर्षाहून अधिक काळ लोकसभेत खासदार नव्हता. इतकी वाट पाहून माणूस निवडून येतो आणि मग त्याच्या कार्यालयात कुणीतरी म्हणतं, "शपथ होऊ द्या." हे मला सहन होत नाही.

अंधेरीच्या निकालातली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तेव्हा बरेच फोन आले होते. भाजपच्या उमेदवाराने माघार घेतल्यावर ऋतुजा लटके यांना ६६,५३० मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकावर 'नोटा' होतं, १२,८०६ मतांचं. लोक विचारत होते, नोटा इतकं आलं तर निवड ग्राह्य धरायची का? धरायची. उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक वैध मतं त्याला निर्वाचित घोषित करायचं, एवढंच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात आहे. आणि दोन उमेदवारांची मतं अगदी समसमान झाली तर कलम ६५ प्रमाणे तिथल्या तिथे चिठ्ठी काढायची. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त पडलं असं धरून निकाल जाहीर करायचा. त्यातही शंकेला जागा ठेवायची नाही, हाच कायद्याचा कल.

निवडीच्या तारखेपासून आणखी दोन घड्याळं सुरू होतात, ती जिंकलेल्या आणि हरलेल्या दोघांनीही भिंतीवर लिहून ठेवावीत. कसबा पेठ आणि चिंचवडचा निकाल २ मार्च २०२३ ला लागला. कसब्यात रवींद्र धंगेकर जिंकले, चिंचवडला अश्विनी जगताप. तिथून तीस दिवसांत, म्हणजे १ एप्रिलपर्यंत, प्रत्येक उमेदवाराने निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. जिंकलेल्याने आणि अनामत गेलेल्यानेही. सबळ कारण नसताना हिशेब दिला नाही तर कलम १०-अ खाली आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. दुसरं घड्याळ निवडणूक याचिकेचं, पंचेचाळीस दिवसांचं, म्हणजे त्या निकालाला १६ एप्रिल. हरलेल्या पक्षांचे चांगले शिकलेले कार्यकर्ते राजपत्राच्या तारखेपासून दिवस मोजताना मी पाहिले आहेत. त्यांचं गणित चुकतं, आणि या मुदतीत झालेला उशीर न्यायालय माफ करत नाही. यंत्रांबद्दल शंका असेल तर त्याहून लहान मुदत आहे: २६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विधानसभा मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, पण लेखी अर्ज सात दिवसांत द्यावा लागतो आणि खर्च आधी भरावा लागतो.

याचिका दाखल झाली म्हणून आमदारकी थांबत नाही, हेही सांगून ठेवतो. उच्च न्यायालय निवड रद्द करेपर्यंत तो आमदारच असतो, शपथ घेतो, सभागृहात बसतो, मत देतो.

आता तुमचं काम. शिफारसपत्र लिहिणं ही सभागृहातली कृती नाही. त्याला शपथेची वाट पाहायची कायद्याने काहीच गरज नाही. अधिकाऱ्याला भेटायला, तुमच्या गावचा प्रश्न घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला पत्र द्यायला आजच्या आज आमदार मोकळे आहेत. स्थानिक विकास निधीचं थोडं वेगळं आहे. तिथे निवड झाल्याचं विधानभवनाकडून कळेपर्यंत नियोजन कार्यालयं सवयीने थांबतात, त्यामुळे निधीचं पत्र असेल तर पंधरा दिवस इकडे-तिकडे होऊ शकतात. पाणी योजनेचा पाठपुरावा हे त्यात बसत नाही.

स्वीय सहायकांवर रागावू नका. त्यांनीही कुठून तरी ऐकलेलंच सांगितलं. त्यांच्यासमोर दोन ओळींचा अर्ज ठेवा: "आपण अमुक तारखेला कलम ६६ खाली निर्वाचित घोषित झाला आहात, कलम ६७-अ प्रमाणे तीच आपल्या निवडीची तारीख आहे, आमच्या गावच्या पाणी योजनेबाबत कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्यावे." सोबत नमुना २० च्या अंतिम निकालपत्रकाची प्रत जोडा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते आणि नाही मिळाली तर तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत मागा. अर्जावर तारखेसह पोच घ्या. आणि पत्र मिळालं की त्याची एक प्रत ग्रामसेवकांकडे लगेच देऊन ठेवा, कारण योजनेची पुढची बैठक लागली की पहिला कागद तिथेच विचारतात.